कपाटातून बोलणारा थेंब

चहा ओतून घ्या आधी. हा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण सांगून झाला की ऐकणारे हळूच माझ्या पायांकडे बघायला लागतात. का, ते कळेलच. पण एवढं आधी सांगून ठेवतो: मी जो घोळ घातला तसा घालायला माणूस नुसता मूर्ख असून भागत नाही. तो शिकलेला असावा लागतो.

आणि मी शिकलेला होतो. तेही म्हैसूरला. आमच्या खानदेशातली पोरं तेव्हा शिकायला फार तर पुण्याला जायची, नाहीतर बडोद्याला. मी एकदम म्हैसूर गाठलं आणि शिक्षणशास्त्र शिकून परत आलो तो डोक्यात एकच वारं घेऊन. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत दृक्-श्राव्य साधनं! वडील म्हणाले, "अरे, त्या शाळांना फळा नाही." मी म्हणालो, "फळ्याचे दिवस गेले." आता काय म्हणायचं अशा मुलाला?

मला शाळा मिळाली ती अमळनेरपासून आत. एसटीनं फाट्यावर उतरायचं, नाला ओलांडायचा आणि ज्वारी-कपाशीतून चालत जायचं. एक खोली, तिच्यात पहिली ते चौथी, आणि त्या चारांना मिळून मी एकटा. गावात टीव्ही एकच होता, पंचायतीच्या खोलीत कुलपात. तो शाळेत आणून मुलांना चित्रफिती दाखवायच्या, अशी माझी योजना होती. मी गावातल्या नानांना भेटलो. नाना जुने पोलीस पाटील, गावात शब्द त्यांचा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "गुरुजी, टीव्ही सोडीसन बोला."

मग उरला आवाज. माझ्या मामांनी आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता. तो साधा नव्हता. कॅसेटची एक बाजू संपली की आपणहून दुसरी सुरू करायचा, ती संपली की पुन्हा पहिली. मी मामांकडून तो अक्षरशः हिसकावून आणला. विचार असा की तिसरीला टेप शिकवेल, तेवढ्या वेळात मी पहिलीला गिरवायला बसवीन. एका मास्तराचे दोन मास्तर. सुचलं होतं का कुणाला?

उंदीर वायर खायचे म्हणून टेप शाळेच्या लाकडी कपाटात ठेवला, मागच्या फळीला भोक पाडून वायर बाहेर काढली. आणि मुलांना मुद्दाम काही सांगितलं नाही. गावालाही नाही. आश्चर्यातून शिक्षण, हे तत्त्व मी म्हैसूरहून आणलेलं होतं.

पहिला पाठ घेतला 'पाणी'. तो रेकॉर्ड केला मी अक्कांच्या घरी. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, एकट्या राहायच्या आणि मला जेवू घालायच्या. आवाज घुमू नये म्हणून मी भर दुपारी गोधडी डोक्यावरून पांघरून घेतली, आत टेप, बादली आणि तांब्या. अक्का दारात आल्या. गोधडीच्या ढिगाऱ्यातून पाणी ओतल्याचा आवाज येतोय.

"गुरुजी, ताप शे का?"

"नाही अक्का. काम करतोय."

संध्याकाळी मला काढा मिळाला.

पाठ मात्र फर्मास झाला होता, आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर तोच पुन्हा पुन्हा भरला होता. मी थेंबाच्या भूमिकेत शिरलो होतो. ऐका:

"मुलांनो, मी कोण? काल मी तुमच्यातच होतो. आज मी नाल्यातून वाहत चाललो आहे. इथं फार गार आहे. माझ्यासारखे इथं पुष्कळ आहेत." मग तांब्यातलं पाणी बुडबुड, बुडबुड. "मला कुणी ओळखलं का?" इथं मुलांनी उत्तर द्यावं म्हणून मोकळी जागा. "मी परत येणार आहे. आधी मी वर जाईन. ढगात राहीन. आणि मग एके दिवशी तुमच्याच घरावर उतरेन."

हसू नका. पाणी असंच फिरतं. पाठ्यपुस्तकात बघा.

शेवटी मी माझ्या मनातली एक गोष्ट घुसडली होती. शाळेत मुली येईनाशा झाल्या होत्या. मूग तोडणी, निंदणी, आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोण, तर मुली. सगळ्यांत जीव तुटायचा तो मंगलासाठी. तिसरीतली पोर, एकदा ऐकलं की पाठ. तिला भाऊ झाला आणि तिचे वडील काशिनाथ भाऊ यांनी तिचं नाव सोडून बाकी सगळं शाळेतून काढून घेतलं. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन स्त्रीशिक्षणावर बोललो. भाऊंनी शांतपणे ऐकलं.

"भाषण गोड शे गुरुजी," ते म्हणाले. "पण पोऱ्याले कोन दखी?"

बाळाकडे कोण बघणार, याचं उत्तर म्हैसूरला शिकवलं नव्हतं. म्हणून पाठाच्या शेवटी मी अगदी पोटातून बोललो होतो: "उद्या सगळ्यांनी यायचं. एकही मुलगी घरी राहता कामा नये. मी वाट पाहतो आहे."

तर त्या दिवशी अमळनेरला शिक्षकांची सभा होती, शाळेला सुटी. जाण्याआधी एकदा चालवून बघू म्हणून मी शाळा उघडली, कॅसेट घातली, बटण दाबलं. लाईट नव्हती. थोडं थांबलो. एसटीची वेळ होत आली. कपाट लावलं, शाळेला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि निघालो.

बटण दाबलेलंच राहिलं.

नाल्यावर वारा असा होता की माझी छत्री हातातून सुटली आणि पाण्यात पडली. छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव होतं, तेव्हा सगळेच घालायचे. म्हटलं जाऊ दे. अमळनेरला पोचलो आणि मागून जो पाऊस लागला, की परतीची एसटी फाट्याच्या आधीच थांबली. नाल्याला पूर. परत अमळनेरला जाऊन एका मित्राकडे मुक्काम केला. फोन वगैरे गावात कुठला!

आता मी मित्राकडे गरम खिचडी खात असताना गावात काय चाललं होतं, ते अक्कांनी मला नंतर सांगितलं. तसंच सांगतो.

दुपारी कुणाला तरी खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली छत्री सापडली. उलटी झालेली, काड्या मोडलेल्या, नाव शाबूत. ती नानांच्या ओट्यावर आणून ठेवली. पलीकडे जायला वाट नाही, विचारायला माणूस नाही. सगळे नुसते छत्रीकडे बघत बसले.

आणि दिवेलागणीला लाईट आली.

आमच्याकडे तेव्हा लाईट म्हणजे दिवा पिवळा, जेमतेम वातीएवढा, कारण सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. तेवढ्या विजेवर टेप चालतो, पण रखडत. आवाज खोल जातो, जड होतो, शब्द ओढल्यासारखे येतात. विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसे. बंद शाळेतून, किल्ली बुडालेल्या मास्तरांच्या खिशात असताना, माझा आवाज म्हणाला:

"मु...लां...नो... मी... को...ण?"

शाळेसमोरून गुरं घेऊन चाललेला माणूस गुरं तिथंच सोडून घरी गेला. मग चारसहा जण आले. खिडकीच्या फटीतून कंदील धरून पाहिलं, आत कुणी नाही. आवाज म्हणाला, काल मी तुमच्यातच होतो. आवाज म्हणाला, इथं फार गार आहे. बुडबुड, बुडबुड. आवाज म्हणाला, मला कुणी ओळखलं का? आणि थांबला.

"वळखं गुरुजी, वळखं," नाना म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

एका बाईनं विचारलं, हा टेप तर नसेल? नाना म्हणाले, टेप लावायला हात लागतो. माझ्यासारखे इथं पुष्कळ आहेत, असं आवाज म्हणाला तेव्हा मात्र ज्यांच्या घरातलं कुणी त्या नाल्यात गेलं होतं ती माणसं मागं न बघता उठून गेली. लाईट गेली की आवाज मध्येच तुटायचा, आली की तिथूनच पुढं. एखाद्यानं दम घ्यावा आणि बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. आमच्या भागात पितरांच्या दिवसांत दुपारी दारात निखाऱ्यावर घास ठेवतात, त्याला आगारी म्हणतात, आणि कावळ्याला बोलावतात. ज्याची तिथी माहीत नाही त्याची आगारी या अमावस्येला. नानांनी निकाल दिला. गुरुजींचं इथं कुणी नाही, तिथी कुणाला ठाऊक नाही, पण घरावर उतरेन असं म्हणत आहेत. उतरण्याआधी जेवू घालू.

त्याच दुपारी मी वरच्या बंधाऱ्यावरून फिरून, चिखल तुडवत, गावाकडे येत होतो.

बंधाऱ्यावर एक बाई धुणं धूत होती. मी म्हटलं, "काय मावशी, पाणी उतरलं का?" तिनं मान वर केली. हातातलं लुगडं सोडून दिलं, ते पाण्याबरोबर गेलं. ती उठली आणि शेतातून चालायला लागली. पळाली नाही, चालत गेली. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल.

गावात शिरलो तर गल्ल्या रिकाम्या. दारं लावलेली. प्रत्येक उंबऱ्याशी निखाऱ्यावर तुपाचा घास जळत होता आणि धूर सरळ वर जात होता, वारा म्हणून नाही. कुत्रं माझ्याकडे बघून उभं राहिलं आणि भुंकलं नाही. मी शहाणा माणूस, भुताखेतांवर म्हैसूरला निबंध लिहिलेला. पण खोटं कशाला बोलू, मानेमागचा केस न् केस उभा राहिला. पाय आपोआप शाळेकडे वळले. ज्वारीतून शाळेच्या मागल्या भिंतीशी आलो आणि थबकलो.

आतून कुणीतरी माझ्या आवाजात बोलत होतं.

माझ्याच आवाजात, पण माझ्या वयापेक्षा शंभर वर्षांनी म्हाताऱ्या. "मी... वा...हत... चा...ललो... आहे..." मी किल्ली चाचपली. किल्ली माझ्याकडे. मग आत कोण? क्षणभर, शपथेवर सांगतो, मला वाटलं की मी खरंच नाल्यात गेलो असेन आणि मला कुणी कळवलं नसेल.

मग बुडबुड ऐकू आली आणि मला अक्कांची बादली आठवली. भिंतीला टेकून खाली बसलो. बटण! आणि मग पुढच्या अंगणातून माणसांची कुजबुज आली, म्हणून कोपऱ्यावरून डोकावलो.

सगळं गाव शाळेसमोर बसलं होतं. पायरीवर पत्रावळ. भात, कढी, उडदाचे वडे, गिलक्याची भजी, खीर. कडुनिंबावर कावळा.

"बठेल शे, पण उतरी नही राहिना," नाना म्हणाले. "काहीतरी मनमा राही गयं व्हई त्यासना."

अक्का पदर तोंडाला लावून पुढे झाल्या. "माले म्हाईत शे. मनी भाजी त्यासले तिखट लागे. बोलेत नही, पण पाणी पी पी जेवेत. गुरुजी, तिखट कमी करसू."

कावळा हलला नाही.

"आते कमी करीसन काय उपेग?" मागून कुणीतरी म्हणालं.

"त्यासले शाळामा टीव्ही पाहिजे व्हता," दुसरं कुणी म्हणालं. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी कावळ्याकडे पाहिलं. मेलेल्या माणसासाठीसुद्धा त्यांच्या तोंडातून तो शब्द निघेना.

तेवढ्यात टेप शेवटाशी आला. "उद्या... सगळ्यांनी... यायचं. एकही... मुलगी... घरी राहता... कामा नये. मी... वाट... पाहतो... आहे."

मग काशिनाथ भाऊ उठले. टोपी काढून काखेत धरली, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं.

"गुरुजी, मी काशिनाथ. मनी मंगला उद्यापासून शाळामा. पोऱ्यानं काय व्हई ते व्हई. तुम्ही आते मोकळा व्हा." आणि त्यांनी पाणी सोडलं.

मागोमाग दुसरा बाप उठला, तिसरी आई उठली. "बठ्ठ्या पोरी धाडसूत," नाना सर्वांच्या वतीनं म्हणाले. कावळा फांदीवरून उतरला, पत्रावळीभोवती एक फेरी मारली आणि वडा उचलला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी सगळी भाषणं वाया गेली होती, आणि इथं एका दुपारी सगळ्या मुली शाळेत! आता विचार करा, कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? हळूच ज्वारीत मागं सरकला असता आणि निदान दिवाळीपर्यंत मेलेला राहिला असता.

मी भिंतीआडून बाहेर आलो, हात जोडले आणि म्हणालो, "काशिनाथ भाऊ, फार फार आभार."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळं अंगण एकदम उठून मागं सरलं, एका पावलानं, जसं एकच माणूस असावं. कावळा तेवढा जेवत राहिला. आणि त्याच क्षणी आतल्या टेपनं मामांच्या आखाती गुणाला जागून बाजू पलटली. मी समोर उभा, आणि माझ्या पाठीमागून मीच म्हणालो, "मुलांनो... मी... कोण?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, शाळेकडे पाहिलं. "दोनमातला खरा कोनता?" त्यांनी विचारलं.

"मी, नाना. मी."

"पाय दखा त्याना," कुणीतरी म्हणालं.

पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, पुढं कुठलं मागं कुठलं मलाच सांगता येईना. शेवटी अक्कांनी लांबूनच कळशी माझ्या पायांवर रिकामी केली. बोटं पुढच्या बाजूला निघाली. गावानं श्वास सोडला.

मी कुलूप उघडलं, कपाट उघडलं, बटण बंद केलं. आणि तेवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्यातला शिक्षक जागा झाला. वीज कशी आली, आवाज जड का झाला, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. फार सुंदर समजावलं. शेवटी पालकांचं अभिनंदनही केलं.

काशिनाथ भाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. "म्हणजे तुम्ही मरेल नहीत."

"नाही हो. ठणठणीत आहे."

"मंग मी पाणी कोनले सोडं?"

मेलेल्याला दिलेला शब्द मोडता येत नाही, पण जिवंत मास्तराला काय, रोज उद्या-परवा सांगून वाटेला लावतात. बायका पत्रावळ उचलायला लागल्या. मंगला आईमागे उभी होती, कडेवर भाऊ. तिनं कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मला ते बघवेना.

"नाना," मी म्हणालो, "पण कावळा शिवला ना?"

नानांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. कावळा शिवला हे खरं होतं, गावानं पाहिलं होतं. म्हणजे कुणीतरी जेवलं. मी तर जेवलो नव्हतो.

"बोली त्या आवाजले दिधी शे," अखेर ते कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले. "आवाज शिकाडी, तर पोरी येतीन. तुम्ही शिकाडशात, तर नही."

शब्द आवाजाला दिला होता, मला नव्हे. काशिनाथ भाऊंनी विचार केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली आल्या. मंगला भावाला कडेवर घेऊनच आली. मी बटण दाबलं, आवाज सुरू झाला, आणि मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. पुढं रोज हेच. दुपारी गोधडीखाली पाठ रेकॉर्ड करायचे आणि सकाळी बाहेर बसायचं. लाईट गेली की मुली मुकाट्यानं पाट्या उचलायच्या आणि घरी.

एकदा राहवलं नाही. वजाबाकी चालली होती, हातचा कुणालाच कळत नव्हता. मी आत गेलो, खडू घेतला आणि समजावायला लागलो. मंगला उठून माझ्याजवळ आली.

"गुरुजी, तुम्ही बाहेर बसा ना," बाहेर वडील दिसतात का ते बघत ती हळूच म्हणाली. "आबा दखतीन, तर माले घर लई जातीन."

"बरं. पण हातचा तर समजू दे."

ती जरा घुटमळली. भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तो समजाडी," ती म्हणाली. "तो तुमनापेक्षा चांगलं शिकाडस."

मी बाहेर येऊन बसलो. खिडकीतून ऐकत राहिलो. खरंच चांगलं शिकवत होता. मध्ये एका ठिकाणी मला शंका आली, म्हणून मी हात वर केला. तो आपला पुढचं गणित सांगत राहिला.